पानेबाईची जांभळी खूण

पानेबाईला इंजिनाचा आवाज ऐकून गाडीचं दुखणं कळायचं आणि माणसाचा आवाज ऐकून त्याचं खोटं कळायचं. धंद्यात तिला दुसऱ्या विद्येचा उपयोग जास्त झाला. “परवापर्यंत अगदी लोण्यासारखी चालत होती हो,” असं कुणी म्हणालं की ती चष्म्याच्या वरून त्याच्याकडे नुसती बघायची. मग तो माणूस आपणहून सांगायचा, “म्हणजे, दोनेक महिने झाले असतील.”

तिचं खरं नाव कागदोपत्री होतं तेवढंच. विसाव्या वर्षी ती महागड्या गाड्यांच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये लागली, ती हत्यारांच्या खोलीत. खिडकीशी बसायचं, मेकॅनिक मागतील ते पाने द्यायचे आणि संध्याकाळी परत घ्यायचे. म्हणून पानेबाई. खिडकीतून एकच रॅम्प दिसायचा, आणि चार वर्षं त्या एका रॅम्पवर जे जे उघडलं, जोडलं, बिघडवलं गेलं ते तिने डोळ्यांनी गिळून ठेवलं. एके दिवशी तापाची साथ होती, निम्मे मेकॅनिक अंथरुणात, आणि एका गिऱ्हाइकाने ऑफिसात आकाशपाताळ एक केलेलं. पानेबाई खिडकीतून म्हणाली, “मी खोलू का?” सगळे हसले. दुपारी गाडी चालू होऊन फाटकाबाहेर गेली तेव्हा हसणारे आपापल्या कामाला लागले होते. त्यानंतर एकवीस वर्षं तिने त्या वर्कशॉपमध्ये हातातला पाना खाली ठेवला नाही.

तीन वर्षांपूर्वी तिने नोकरी सोडली आणि घराला लागून स्वतःची शेड टाकली. दोन गाड्या मावतील एवढीच. नवरा शिंपी. त्याचं मशीन पुढच्या खोलीत, आणि मधल्या दारातून शेड दिसायची. तो दिवसभर गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायचा आणि बायकोच्या गिऱ्हाइकांवर बारीक आवाजात शेरे मारायचा. संसार असा छान चालला होता.

आता खुणेबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे घडलं.

चांगला मेकॅनिक बोल्ट शेवटचा आवळला की त्याच्यावर रंगाची एक रेघ ओढतो. बोल्टच्या डोक्यावरून निघून खालच्या धातूवर उतरणारी. बोल्ट पुढे कधी सैल होऊन फिरला तर रेघ तुटते आणि लांबून कळतं. रेघ म्हणजे ‘हे मी आवळलंय, याला मी जबाबदार’ अशी सहीच. वर्कशॉपमधले सगळे जण दुकानातली पिवळी रंगाची पेनं वापरायचे. ती पेनं तिसऱ्या दिवशी सुकायची, म्हणून पानेबाईने नणदेकडून एक नेलपॉलिशची बाटली मागून घेतली. गडद जांभळी. तेलाने जात नाही, उष्णतेने उडत नाही. तेव्हापासून तिची रेघ जांभळीच, आणि त्या वर्कशॉपमध्ये जांभळी रेघ दिसली की पुढचा माणूस पुन्हा तपासायच्या भानगडीत पडत नसे. पानेबाईला याचा अभिमान होता. का नसावा? तो तिने बोल्ट बोल्ट करून कमावला होता.

त्या मंगळवारी सकाळी शेडमध्ये एक राखाडी गाडी आली. उंच बांध्याची पण आखूड, पुढे दिमाखदार जाळी, आत चामड्याच्या सीटा. नवी असताना डॉक्टर-वकिलांनी घ्यायची आणि नऊ वर्षांची झाल्यावर तुम्ही-आम्ही. मालकीण चष्म्यांच्या दुकानात डोळे तपासायची. तिशीतली, हसरी, आणि गाडीवर नुकताच जीव जडलेली.

“काकू, निघताना जरा धक्का बसतो,” ती म्हणाली. “आणि खाली तेलाचा डाग पडतो, एवढासा. आणि छताची काच आहे ना, तिथून पाणी येतं. आणि मधेच एक पिवळा दिवा लागतो, पण तो आपोआप जातो.”

“दिवा जातो, दुखणं जात नाही,” पानेबाई म्हणाली. “बाई गं, ही गाडी म्हणजे जावई. पहिली चार वर्षं नुसतं कौतुक. तो गुण उधळतो ते नंतर, आणि तोवर तो आपला झालेला असतो.”

मधल्या दारातून मशीनचा आवाज थांबला. “मी ऐकतोय,” शिंपी म्हणाला.

“ऐका की. तुम्हाला कुठे काही म्हणतेय?” असं म्हणत तिने गाडीभोवती एक फेरी मारली. या जातीच्या गाडीची सगळी दुखणी तिला तोंडपाठ होती. तेलाच्या फिल्टरखालचं रबर कडक होऊन गळतं. छताच्या काचेच्या चारी कोपऱ्यांत पाणी वाहून जायच्या नळ्या असतात, त्या कचऱ्याने बुजतात आणि पाणी मग सीटखालच्या वायरींवर उतरतं. मागच्या चाकांना जोर पोचवणाऱ्या पेटीतलं तेल ‘आयुष्यभर बदलायला नको’ असं कंपनी सांगते. कुणाच्या आयुष्यभर, ते सांगत नाही. “भिण्यासारखं काही नाही,” तिने चष्मेवालीला सांगितलं. “जुन्या गाडीला हे होणारच. एक काम सोडून. त्याला कंपनीने स्वतः गाड्या परत बोलावल्या होत्या.”

“रिकॉल? ते झालंय. मी घेतानाच नंबर टाकून बघितलं होतं. हिरवी खूण आली.”

“शाबास. घेणारे एवढंही बघत नाहीत.”

ते काम एका छोट्या विजेच्या पंपाचं होतं. इंजिन बंद झाल्यावरही हा पंप काही वेळ पाणी फिरवत राहतो, गरम भाग निवावेत म्हणून. जुन्या पंपाच्या वायर जोडायच्या कनेक्टरमध्ये ओल शिरायची, आतल्या तारा तापायच्या, आणि गाडी निवांत उभी असताना, मालक घरात जेवत असताना, बॉनेटखाली आग लागू शकायची. तशा लागल्याही होत्या. म्हणून सहा वर्षांपूर्वी कंपनीने गाड्या बोलावून पंप बदलून दिले. जुन्या पंपाचा कनेक्टर काळा, नव्याचा करडा. लहान मूलही ओळखेल.

पानेबाईने गाडी वर उचलली, खालचं प्लास्टिकचं कव्हर काढलं आणि तेल कुठून येतंय ते शोधायला दिवा आत धरला. पंपाच्या तीन बोल्टवर तीन जांभळ्या रेघा होत्या. जुनी ओळखीची व्यक्ती दिसावी तशी ती हसलीसुद्धा. ‘अरे, तू माझ्याच हातची का,’ असं पुटपुटली. मग दिवा जरा पुढे सरकला आणि तिचं हसू जागच्या जागी विरलं.

कनेक्टर काळा होता.

तिने कापडाने पुसून बघितला. तेलाने काळा झाला असेल, अशी तिला वेडी आशा होती. पुसल्यावर तो जास्तच काळा दिसला. एका कडेला प्लास्टिक किंचित तपकिरी पडून फुगलं होतं. तिची रेघ, शाबूत, सरळ, सहा वर्षं न तुटलेली, आणि खाली तो पंप जो तिथे असायलाच नको होता.

“सापडलं का काकू?” चष्मेवालीने बाहेरून विचारलं.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, तेल सापडलं, दोन दिवसांनी या. पंप गुपचूप बदलून टाकता आला असता. हा विचार पानेबाईच्याही मनात आला, हे लपवण्यात अर्थ नाही. तो आला, क्षणभर रेंगाळला, आणि तिने त्याला हाकलून दिलं.

“सापडलं,” ती म्हणाली. “रिकॉलचं काम झालेलं नाही. झालंय असं माझ्यामुळे लिहिलं गेलं. ही खूण माझी आहे आणि ही खोटी आहे.”

चष्मेवालीला आधी कळेचना. कळलं तेव्हा ती दोन पावलं गाडीपासून मागे सरकली. “माझ्या इमारतीत तळघरात लावते मी ही,” ती हळूच म्हणाली. पानेबाईने तिच्यासमोर पंपाचा कनेक्टर उपसून काढला, वायरीचं तोंड गुंडाळून बांधलं आणि बजावलं की नवा पंप येईपर्यंत गाडी इथून हलणार नाही. चष्मेवाली रिक्षा न बोलावता पायीच निघून गेली. रागावली होती की घाबरली होती, ते पानेबाईला विचारवलं नाही.

दुपारी ती जेवली नाही. शिंप्याने ताट झाकून ठेवलं आणि समोर बसला.

“आठवलं,” ती म्हणाली. “सगळं आठवलं हो. पंप यायला उशीर होता. मी म्हटलं, बसून काय करायचं, निदान बोल्ट गंजलेत का ते बघून ठेवू. भिंतीकडेला तीन गाड्या होत्या. तिन्हींचे बोल्ट सैल केले, पुन्हा आवळले आणि गाड्या धुवायला पाठवल्या.”

“मग?”

“मग काय. आवळलं की हात बाटलीकडे जातो. रेघ ओढली मी. तिन्हींवर. सवयीने.” तिने स्वतःच्या उजव्या हाताकडे असं बघितलं की जणू तो शेजाऱ्याचा असावा. “दुसऱ्या दिवशी मला गिअरबॉक्सच्या कामाला लावलं. मला वाटलं, पंप दुसऱ्या पाळीने बसवले असतील. तपासनिसाने वाकून बघितलं असेल तर त्याला काय दिसलं? जांभळी रेघ. त्याने झालं म्हणून टाकलं.”

“तीनच होत्या हे नक्की?”

इथे पानेबाईला रडू आलं. तिला आठवत होतं, महिनाअखेरीला स्टोअरवाला म्हणाला होता की पंपांचे तीन खोके उरलेत, आणि ती चहा पीत मोठ्याने म्हणाली होती, “कंपनीला मोजता येत नाही वाटतं.” सगळे हसले होते. ती सर्वांत जास्त हसली होती.

शिंप्याने तिला रडू दिलं. मग म्हणाला, “एक इथे आहे. दोन राहिल्या.”

“त्या शोधायच्या.”

“गिऱ्हाइकं काय म्हणतील याचा विचार केलास?”

“म्हणू देत. कुणाच्या तरी घराखाली ती गाडी उभी असेल हो, आणि वर माणसं झोपत असतील. माझ्या सहीवर विश्वास टाकून.” तिने डोळे पुसले आणि झाकलेलं ताट पुढे ओढलं. काय करायचं ते ठरलं होतं, आणि ठरलं की तिला भूक लागायची.

दुसऱ्या दिवशी ती जुन्या वर्कशॉपमध्ये गेली. तेव्हाचा तपासनीस आता मॅनेजर झाला होता. काचेची केबिन, पाण्याची बाटली, टेबलावर काहीही नाही. टेबलावर काहीही नसणं ही मोठ्या हुद्द्याची खूण असते. त्याने तिला प्रेमाने बसवलं, चहा मागवला, आणि तिचं बोलणं संपेपर्यंत तो चहा त्याला कडू झाला.

“बाई, सहा वर्षं झाली. काही व्हायचं असतं तर एव्हाना झालं असतं.”

“तुम्ही तपासनीस होतात तेव्हा एखादं गिऱ्हाईक असं म्हणालं की तुम्ही त्याला काय सांगायचात?”

मॅनेजरने दुसरी बाजू धरली. “ती एक गाडी आणा. मी आजच पंप देतो, बोभाटा नको. बाकीच्या दोन कंप्युटरमध्ये झाल्या म्हणून दिसतायत. झालेलं काम मी पुन्हा कसं उघडू?”

“कंप्युटरला कुणी सांगितलं झालं म्हणून? तुम्ही. तुम्हाला कुणी सांगितलं? माझ्या रेघेने. आता मीच सांगतेय की नाही झालं.”

“लेखी द्यावं लागेल. आणि लेखी दिलंत की ते कंपनीपर्यंत जाईल, चार लोकांत होईल. आम्ही तुमच्याकडे जुन्या गाड्या पाठवतो, ते मला थांबवावं लागेल. तुमचं एवढं नाव आहे, बाई.”

“नाव माझं आहे ना? मग त्याचं काय करायचं ते माझं मी बघते. कागद द्या.”

तिने चार ओळी लिहिल्या. तारीख, काम, काय केलं, काय केलं नाही. खाली सही. मॅनेजरने कागद दोनदा वाचला. तो वाईट माणूस नव्हता, फक्त बरीच वर्षं काचेच्या आत बसला होता. त्याने उठून दार लावलं, पेन काढलं आणि तिच्या सहीखाली लिहिलं, ‘मी वाकून बघितलं नाही.’ आणि सही केली. मग त्याने कंप्युटर स्वतःकडे वळवला, त्या दिवशी तिच्या नावावर संपलेल्या तीन गाड्या काढल्या, आणि पंप मागवायला फोन उचलला.

“कंपनीचं पत्र जाईल मालकांना,” तो म्हणाला.

“कुठल्या मालकांना? पहिल्या. त्यांनी गाड्या विकून चार वर्षं झाली असतील. पत्र जाईल, कुणीतरी रद्दीत टाकेल. पत्ते मला द्या.”

दुसरी गाडी लगेच सापडली, कारण ती गेल्याच वर्षी धुण्या-पुसण्याला वर्कशॉपमध्ये येऊन गेली होती. एका नवरा-बायकोची होती, दोघंही शाळेत गणित शिकवणारे, गाडी उघड्या अंगणात लावणारे. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे उत्तर बरोबर दिसत होतं, पण गणित केलंच नव्हतं?” पानेबाईने मान खाली घातली. कनेक्टर काढला, गुंडाळला, आणि चार दिवसांनी पंप आले तेव्हा या गाडीला आणि चष्मेवालीच्या गाडीला ते बसवले. चष्मेवाली गाडी न्यायला आली आणि तिने आधी खाली वाकून कनेक्टरचा रंग बघितला. मग म्हणाली, “काकू, छताच्या नळ्या पुढच्या आठवड्यात करायच्या ना?” पानेबाईला एवढं पुष्कळ होतं.

तिसरीने मात्र घाम फोडला. पहिला मालक गाव सोडून गेलेला. त्याच्या शेजारणीने सांगितलं की गाडी जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याला दिली होती. व्यापारी म्हणाला, आठवत नाही. वही बघा, पानेबाई म्हणाली. वही सापडत नाही, तो म्हणाला. मी थांबते, ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून दुकानाच्या मधोमध बसली.

व्यापाऱ्याला वाटलं, बसेल आणि कंटाळून जाईल. तेवढ्यात एक जोडपं आलं आणि लाल गाडीभोवती घुटमळू लागलं. पानेबाई बसल्या जागेवरून गोड आवाजात म्हणाली, “चालू करून बघा हं. थंड असताना पहिले दोन सेकंद खडखड आली तर आतली साखळी गेली समजा.” जोडप्याने चालू केली. खडखड आली. जोडपं गेलं. नंतर एक गृहस्थ आले, त्यांना पांढरी आवडली होती. “पुढचा दरवाजा आणि मागचा दरवाजा उन्हात शेजारी शेजारी बघा,” पानेबाईने सुचवलं, “एकाच पांढऱ्या रंगात किती प्रकार असतात ते कळेल.” तिसरं गिऱ्हाईक दारात दिसताच व्यापाऱ्याला वही सापडली.

“बाई, हा घ्या पत्ता आणि हात जोडतो, जा,” तो म्हणाला.

पत्ता एका घड्याळजीचा होता. पानेबाई तिथे पोचली तेव्हा टळटळीत दुपार होती. रस्त्याला लागून दुकान, शेजारी लोखंडी शटरचं गॅरेज, आणि गॅरेजच्या बरोबर वर एक खोली. खोलीच्या खिडकीत खुर्ची टाकून एक म्हातारी बाई रस्ता बघत बसली होती. पानेबाईने आधी ती खिडकी बघितली, मग तिच्या खालचं शटर.

घड्याळजी पन्नाशीचा, बोटं निमुळती, बोलणं मोजकं. डोळ्याला लावलेलं भिंग न काढताच त्याने तिचं ऐकलं. गाडी त्याने आईसाठी घेतली होती. तिचे गुडघे वाकत नव्हते, आणि या गाडीची सीट अशा उंचीला आहे की माणूस न वाकता, न चढता, नुसता टेकला की आत जातो. सहा गाड्यांच्या सीटा फूटपट्टीने मोजून त्याने ही निवडली होती.

“पंप बदललाय माझा,” तो म्हणाला. “माझा गॅरेजवाला दोन वर्षं बघतोय गाडी. तो म्हणतो, त्या तीन बोल्टांना मी हातही लावत नाही. ज्याने ते आवळलेत त्याला काम कळतं.”

पानेबाईला ते शब्द तोंडात मारल्यासारखे लागले. “ते मीच आवळलेत,” ती म्हणाली. “आणि पंप मी बदलला नाही.”

घड्याळजीने भिंग काढलं. तिने पुन्हा सगळं सांगितलं, पहिल्यापासून. सवय, रेघ, तीन खोके, चहा पिताना मारलेली फुशारकी, सगळं. आतापर्यंत तिने हे चौघांना सांगितलं होतं, पण सांगून सांगून ते सोपं होत नव्हतं. तो ऐकत होता आणि त्याची नजर मधूनमधून छताकडे जात होती.

“दोन वर्षं,” तो म्हणाला. “दोन वर्षं आई त्या गाडीच्या वर झोपतेय.”

“हो.”

“सहा वर्षं तुम्हाला एकदाही वाटलं नाही विचारावं म्हणून? मी घड्याळ उघडलं तर परत देण्याआधी स्वतः तीन दिवस मनगटावर बांधून फिरतो.”

“वाटायला हवं होतं. नाही वाटलं. चूक माझी आहे, दुसऱ्या कुणाची नाही.” ती पिशवीतून खोका काढून म्हणाली, “पंप आणलाय. तासाभराचं काम आहे. मी आत्ता बसवते.”

“तुम्ही नाही,” घड्याळजी म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच जास्त बोचला. “दुसरा कुणीही. तुम्ही माझ्या गाडीला हात लावायचा नाही.”

एकवीस वर्षं आणि वर तीन. एवढ्या काळात तिला हे वाक्य कुणी म्हणालं नव्हतं. बाई म्हणून सुरुवातीला कुणी नाक मुरडलं असेल, पण तिचं काम बघून नको म्हणणारा हा पहिला. पानेबाईला वाटलं, खोका टेबलावर ठेवावा आणि घरी जावं. सांगायचं ते सांगून झालं होतं.

“बरोबर आहे तुमचं,” ती म्हणाली. “तुमच्या गॅरेजवाल्याला बोलवा. पण आत्ता बोलवा. आणि गाडी आधी रस्त्यावर काढा, तोवर मी इथून हलणार नाही.”

घड्याळजीने स्वतः गाडी ढकलायला घेतली. ती चालूही करायची नाही असं तिने सांगितलं होतं. उतार उलटा होता. पानेबाईने मागून खांदा लावला. हात लावायचा नाही म्हणाला होता, खांद्याबद्दल काही बोलला नव्हता. वरच्या खिडकीतून म्हातारीने विचारलं, “काय झालं रे?” घड्याळजी धापा टाकत म्हणाला, “गाडीत दोष आहे आई. या बाई सांगायला आल्यात.”

गॅरेजवाला आला. जाडजूड, मिशाळ, स्वतःवर खूश असलेला. त्याने सावली बघून झाडाखाली गाडी जॅकवर चढवली, स्टँड लावले, कव्हर काढलं आणि खालून त्याचा आवाज आला, “आयला, काळाच आहे की.” मग कनेक्टर उपसताना कट्‌ असा आवाज. त्याने तो बाहेर सरकवला. एका बाजूचं प्लास्टिक वितळून तारेला चिकटलं होतं. तिन्ही गाड्यांत हा सगळ्यांत पुढे गेलेला होता. घड्याळजीने तो कनेक्टर हातात घेऊन भिंगाखाली धरला, आणि बघत राहिला.

पानेबाई रस्त्यावर गुडघे टेकून गाडीखाली दिवा धरून होती. गॅरेजवाल्याने जुना पंप काढला, नवा बसवला, बोल्ट आवळले. झाडाखालची सावली सरकली आणि तिच्या पाठीवर ऊन आलं, पण तिने दिवा हलू दिला नाही. तिच्या हाताला त्या तीन बोल्टांपर्यंत पोचायला वीतभर अंतर होतं. तेवढं अंतर राखणं हे तिने आयुष्यात केलेलं सगळ्यांत कठीण काम होतं.

“बाई, झालं. बघता का जरा?” गॅरेजवाल्याने खालून विचारलं.

“मला नको विचारू. तूच बघ. टॉर्कचा पाना लाव परत. तिन्हींना.”

“लावलाय हो एकदा.”

“परत लाव.”

त्याने लावला. टक्‌, टक्‌, टक्‌. जोर पुरेसा झाला की तो पाना वाजतो; ती मोजत होती. त्याने पाणी भरलं, इंजिन चालू केलं, बंद केलं. बंद झाल्यावर नवा पंप बारीक घुमत राहिला. पानेबाईने बॉनेटवर हात न ठेवता कान पुढे केला आणि पंप थांबेपर्यंत ऐकला. मग उभी राहिली. गुडघ्यांना खडी रुतून बसली होती, ती तिने झटकली.

गॅरेजवाला हत्यारं गोळा करत घड्याळजीला म्हणाला, “घ्या आत, एकदम ओके.”

घड्याळजी किल्ली हातात घेऊन उभा होता. त्याने गॅरेजवाल्याकडे बघितलंच नाही. वर खिडकीत आईचं डोकं खुर्चीच्या पाठीला टेकलेलं होतं. तिचा डोळा लागला होता. तो पानेबाईकडे वळला.

“आत लावू ना?” त्याने विचारलं.

पानेबाई पुन्हा खाली वाकली. पाठ दुखत होती तरी पूर्ण वाकली, दिवा आत घातला आणि कनेक्टर बघितला. करडा. मग तिन्ही बोल्ट एकेक करून बघितले.

“लावा,” ती म्हणाली.